एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) सदस्यांसाठी: बुरशीच्या रक्तसंसर्गाबाबत गुरुवारची बैठक

सर्व डॉक्टर, सिस्टर आणि फार्मसीतील सहकाऱ्यांना,

येत्या गुरुवारी दुपारी ३ वाजता एनआयसीयूशेजारच्या सेमिनार रूममध्ये कॅन्डिडा या बुरशीच्या रक्तसंसर्गावर बैठक आहे. रात्रपाळीच्या सिस्टरांसाठी तीच बैठक संध्याकाळी ७.३० ला पुन्हा होईल.

येताना आपल्याकडच्या प्रत्येक बाळाची ही माहिती लिहून आणा:

- जन्मवजन व गर्भाचे आठवडे. १००० ग्रॅमच्या आत किंवा २८ आठवड्यांच्या आत असलेल्या बाळांना सर्वाधिक धोका.
- सेंट्रल लाइनचा (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचा) आजचा कितवा दिवस, आणि ती अजून का हवी आहे?
- अँटिबायोटिक कोणते, किती दिवस. सेफोटॅक्सिम, सेफ्ट्रायक्सोन, मेरोपेनेम आतड्यातले नेहमीचे जंतू मारतात आणि कॅन्डिडाला मोकळे रान मिळते. ४८ तासांत कल्चर (रक्तातील जंतूंची तपासणी) निगेटिव्ह आणि बाळ ठीक, तरी औषध चालूच, असे आपल्याकडे फार होते.
- टीपीएन (शिरेतून दिलेले पोषण), लिपिड (शिरेतून दिलेले स्निग्ध पदार्थ), रॅनिटिडिन (पोटातले आम्ल कमी करणारे औषध), स्टेरॉइड, व्हेंटिलेटर, पोटाची शस्त्रक्रिया: असल्यास नोंद.

बैठकीची वाट न पाहता आजपासून:

लिपिडची नळी २४ तासांत बदला. हब (लाइनचे जोडणीचे तोंड) वापरण्याआधी १५ सेकंद घासा, वाळू द्या. कॅन्डिडा पॅराप्सिलोसिस बहुतेकदा आपल्याच हातांवरून जातो. कृत्रिम नखे, अंगठ्या नकोत.

ब्लड कल्चरला किमान १ मिली रक्त घ्या. थोड्या रक्तात बुरशी निसटते. एकाही बाटलीत कॅन्डिडा आला तर ‘कंटॅमिनेशन’ (नमुन्यात बाहेरून आलेले जंतू) म्हणून सोडू नका, लगेच सीनियरना कळवा.