डोळा लाल झाला नाही म्हणूनच कळले नाही

महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतला संधिवात आणि डोळ्यांवरचा लेख दोनदा वाचला. नव्या बायोलॉजिक (रोगप्रतिकारशक्तीचा अतिरेक आवरणाऱ्या) इंजेक्शनांची माहिती दिलीत, बरे केलेत. पण शेजारी लालभडक डोळ्याचा फोटो आणि 'डोळा लाल झाला, दुखू लागला की डॉक्टरांकडे जा' ही चौकट कशासाठी? लहान मुलांच्या संधिवातात डोळ्याच्या आत सूज येते, तेव्हा डोळा बहुतेकदा लाल होत नाही, दुखतही नाही. पोर तक्रार करणार तरी कशाची?

माझ्या मुलीचा गुडघा चौथ्या वर्षी सुजला. औषधांनी उतरला, आम्ही निर्धास्त झालो. डोळे दाखवून घ्या, असे सात-आठ महिन्यांत कोणी म्हणाले नाही. एका रात्री वीज गेली होती. मोबाइलच्या उजेडात तिला भरवत होते, तेव्हा दिसले की उजव्या डोळ्याची बाहुली गोल नाही, कडेला कुरतडल्यासारखी आहे. डोळा पांढराशुभ्र. दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञांनी तिची हनुवटी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळ्याच्या आतले मोठे करून दाखवणाऱ्या यंत्रावर, टेकवली आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. बुबुळाचा पडदा मागच्या भिंगाला चिकटला होता.

मग स्टेरॉइडचे थेंब, मोतीबिंदू, मेथोट्रेक्सेट हे सूज दाबणारे औषध आणि शेवटी दर 14 दिवसांनी बायोलॉजिक इंजेक्शन अ‍ॅडालिमुमॅब. या इंजेक्शनाने सूज आटोक्यात आली, डावा डोळा वाचला. उजव्याची गेलेली नजर परत आली नाही.

लेखात टीबीचा शब्दही नाही. या इंजेक्शनाने अंगात दडलेला टीबी उसळू शकतो, म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची चाचणी करावीच लागते. आपल्याकडे हे सांगायचे नाही तर कुठे सांगायचे? आणि 'विम्याचा आधार घ्या' हे वाचून तर डोळ्यांत पाणी आले. इंजेक्शन घरीच दहा मिनिटांत होते, म्हणून '24 तास भरती नाही' असे लिहून आमचा दावा परत आला. औषध मात्र 2 ते 8 अंशांत ठेवावे लागते. पुण्याहून बर्फाच्या डब्यात आणायचे आणि वीज गेली की फ्रिजचे दार कोणाला उघडू द्यायचे नाही.

कृपया ती चौकट दुरुस्त करून पुन्हा छापा. ज्या मुलाला सात वर्षांच्या आत संधिवात झाला आणि रक्तात एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडे) पॉझिटिव्ह आहे, त्याचे डोळे दर तीन महिन्यांनी स्लिट लॅम्पवर तपासून घ्यायचे, दिसायला कितीही स्वच्छ असले तरी. हे पहिल्या ओळीत, मोठ्या अक्षरात हवे.

– एक आई, कराड