काशीचे घाट आधी पायी, मग नावेतून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील काशीवरच्या लेखात घाट नावेतूनच पाहावेत असे सुचवले आहे. नावेतून वाड्यांची रांग सुरेख दिसते, वाद नाही. पण दक्षिण टोकाचा अस्सी घाट ते उत्तर टोकाचा राजघाट हे साधारण सहा किलोमीटर काठाकाठाने चालता येतात, हे लेखात यायला हवे होते.

चालायचे ते अस्सीकडून उत्तरेला, सूर्योदयाच्या सुमारास. गंगा इथे उत्तरवाहिनी आहे आणि शहर सगळे पश्चिम काठावर, वळणाच्या बाहेरच्या अंगाला. समोर नुसती वाळू. त्यामुळे पहिले ऊन थेट घाटांवर पडते, आणि काठ किंचित कमानीसारखा असल्याने पुढचे घाट चालतानाच नजरेत येतात. दुपारनंतर ऊन इमारतींच्या मागे जाते, पायऱ्या सावलीत बुडतात. न थांबता दोन-अडीच तास पुरतात. पाहत जायचे तर चार धरा. घाटांची नावे भिंतींवर ठळक रंगवलेली असतात, वाट चुकायची भीती नाही.

महिना मात्र नीट निवडावा. जुलैअखेर ते सप्टेंबर पाणी चढते आणि घाटांना जोडणारी खालची वाट बुडते. धोक्याची पातळी ७१.२६ मीटर, पण वाट त्याच्या कितीतरी आधी तुटते, तेव्हा 'धोक्याखाली आहे' या बातमीवर विसंबू नये. पाणी ओसरले की गाळाचे थर राहतात. पंपाने धुऊन काढेपर्यंत ऑक्टोबर उजाडतो, आणि अर्धवट वाळलेला गाळ ओल्यापेक्षा फसवा: वरून कोरडा, खाली लोणी. डिसेंबर-जानेवारीत धुके सूर्योदयच गिळते. नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी उत्तम.

पायऱ्या उंच आणि असमान आहेत. मागे पट्टा असलेली चप्पल बरी, देवळापाशी काढायलाही सोपी. पाण्यालगतच्या हिरव्या पायरीवर पाय ठेवू नये. शेवाळावरून घसरले तर पुढची पायरी पाण्यात दिसत नाही, आणि या काठाला खोली लवकर लागते.

मराठी वाचकाने रेंगाळावे अशा जागा बऱ्याच आहेत. राजाघाटाचे (शेवटचा राजघाट वेगळा) जुने नाव अमृतराव घाट, पेशव्यांच्या घराण्यातल्या अमृतरावांवरून. पुढे अहिल्याबाई घाट, त्याला लागून दशाश्वमेध. मणिकर्णिका या स्मशानघाटापलीकडचा शिंदे घाट ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास बांधला. बांधकामाच्या भाराने तो खचला. जवळचे रत्नेश्वराचे देऊळ चक्क कललेले आहे, पण नावेतून लांबून ते कॅमेऱ्याचीच चूक वाटते! नंतर नागपूरकरांचा भोसले घाट आणि पंचगंगा घाट. पंचगंगेवर कार्तिकात बांबूला टांगलेले आकाशदिवे लागतात.

अडचण येते ती मणिकर्णिकेवर. लाकडाच्या राशींमुळे खालची वाट बहुधा अडलेली असते. वर चढून गल्लीतून शिंदे घाटावर उतरावे. फोटो काढू नयेत. 'गरिबांच्या चितेच्या लाकडासाठी' पैसे मागत कोणी वाटाड्या चिकटला, तर नमस्कार करून पुढे व्हावे. तिथे दिलेला पैसा सरणापर्यंत पोहोचतोच असे नाही.

पंचगंगेनंतर गर्दी ओसरते, काही ठिकाणी पायऱ्या तुटक्या आहेत, म्हशी आणि कुत्री वाटेत. दमलेल्यांनी इथेच थांबावे, फार काही बुडत नाही. पंचतीर्थी, म्हणजे पाच घाटांवरचे स्नान, करणाऱ्यांना मात्र राजघाटापुढे वरुणासंगमावरच्या आदिकेशवापर्यंत जावे लागते आणि शेवट मणिकर्णिकेवर करण्यासाठी पुन्हा मागे यावे लागते.

नाव घ्यायचीच तर चालून झाल्यावर घ्यावी, म्हणजे कोणता वाडा कोणाचा हे ओळखता येते. राजघाटाहून अस्सीकडे येताना प्रवाह उलटा असतो. वल्ह्याच्या नावेला बराच वेळ लागतो, हे भाडे ठरवतानाच बोलून घ्यावे. नाव नको असेल तर राजघाटाच्या पुलाशेजारीच काशी स्थानक आहे, तिथून रिक्षा मिळते.

आपला,
एक वाचक