रायवळाला कुऱ्हाड लावू देऊ नका

बेळगाव,
२८ एप्रिल

तीर्थरूप बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर रेंज तुटत होती. तुमचं निम्मं बोलणं कळलं, खरं जे कळलं तेवढ्यानंच झोप उडाली. परड्यातला रायवळ आंबा पावसाच्या आत पाडायचा, काकांनी जळणवाल्याशी बोलणीही करून ठेवलीत. फोनवर एवढं सगळं सांगता आलं नसतं, म्हणून लिहून गाडीच्या कंडक्टरकडं देतोय. जळणवाल्याला सांगा, थांब म्हणून. इसार घेतला असेल तर परत करा, ते पैसे मी देतो.

बाबा, तुमची काळजी मला कळते. खानापूरच्या कौल कारखान्यात ज्या माणसाची हयात गेली, त्याला रात्री फांदी कौलांवर घासताना ऐकून झोप कशी लागेल? वळवाचा एक तडाखा बसला की आढ्यापासून वळचणीपर्यंत चुरा, हे मलाही दिसतं. खरं त्यासाठी अख्खं झाड जायची गरज नाही.

काका म्हणतात, झाड घरावर कललंय. ते तर मी बघतोय तेव्हापासून कललेलंच आहे. आजोबांच्या वेळी तिथं मोठा फणस होता असं तुम्हीच सांगता. त्याच्या सावलीतून उजेडाकडं गेलं आणि तसंच जून झालं. लहानपणापासून तिरकं वाढलेलं झाड वरच्या अंगाला जादा लाकूड घालून स्वतःला ओढून धरतं. भीती असते ती काल-परवा कललेल्या झाडाची. म्हणून उद्या सकाळी एक काम करा. बुंध्याच्या गोठ्याकडच्या अंगाला, म्हणजे कलाच्या उलट्या बाजूला जा आणि पालापाचोळा सारा. जमिनीला बुंध्याभोवती कमानीसारखी भेग गेलीय का? माती खालून उचलल्यासारखी फुगलीय का? एखादं मूळ ताणून तुटलंय का? यातलं काहीही दिसलं तर लगेच फोन करा, आणि त्या बाजूच्या खोलीत कोणी झोपू नका. काही दिसलं नाही तर निवांत चहा प्या.

दुसरं म्हणजे ढोली. पोकळ झालंय, आता त्यात काय राहिलंय, असं तुम्ही म्हणालात. बाबा, मी लेथवर पोकळ शाफ्ट काढलेत. नळी भरीव सळईपेक्षा हलकी असते, खरं तिची भिंत पुरेशी जाड असेल तर वाकवायला सहज ऐकत नाही. क्लाउस मॅथेक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं मोडलेली आणि उभी राहिलेली शेकडो झाडं मोजली. धड लाकडाची भिंत त्रिज्येच्या साधारण तीस टक्क्यांच्या खाली गेली की मोडायचा धोका वाढतो, असा त्यानं ठोकताळा दिला. ठोकताळाच तो, त्यावरून जाणकार अजून भांडतात. तरी नुसतं भोक बघून झाड पाडण्यापेक्षा भिंत मोजलेली बरी. मी लाकडी हातोडी घेऊन येतो, बुंधा सगळीकडून ठोकून बघू. आवाज कुठं बदलतो ते तुम्हालाच आधी कळेल. कौल टिचकी मारून पारखायची सवय आहे तुमच्या कानाला.

गोठ्यावरची वाळकी फांदी मात्र काढायचीच, ती मी येऊन पहिली काढतो. तोवर म्हैस तिच्याखाली बांधू नका. कौलांवर आलेली फांदी सबंध न कापता आतल्या एका चांगल्या उपफांदीपर्यंत आखूड करू. शेंड्याला बांडगूळ धरलंय, ते नुसतं ओरबाडून जात नाही. त्याची मुळं फांदीच्या लाकडात शिरलेली असतात, म्हणून हातभर खालून फांदीसकट काढावं लागतं. बाकीची छाटणी आंबे उतरल्यावर. एका वेळी पाव हिश्श्याहून जास्त पाला काढायचा नाही, झाड त्या पाल्यावरच जगतं. आई, लोणच्याच्या कैऱ्यांना हात लागणार नाही, काळजी करू नको.

आणि बाबा, परडं आपलं म्हणून झाड आपल्या मर्जीचं असं कर्नाटकात नाही. १९७६ च्या वृक्ष कायद्यानं खासगी जागेतलं झाड पाडायलाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. नारळ, निलगिरी, सिल्व्हर ओक अशांना सूट आहे, खरं ती यादी ठरलेली आहे. जळणवाला लाकूड भरून जाईल आणि निस्तरत तुम्ही बसाल. कन्नडातला अर्ज मी आता झोपेतही लिहून देतो. शाळेत त्या विषयाला मी किती रडायचो ते आईला विचारा.

आता तुम्ही म्हणाल, पोरगं आम्हालाच शिकवायला लागलं. खरं गिऱ्हाईक मला पैसे देतं ते याचेच, बाबा. कुठली फांदी ठेवायची ते सांगण्याचे. तोडायला काय, कोयता कुणाकडंही असतो.

मी या धंद्यात ठरवून आलो नाही हे तुम्हाला माहीतच आहे. डिप्लोमा झाला, उद्यमबागेत मशीनवर लागलो, तिथंच कायम होईन असं तुम्ही धरून चालला होता, मीही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ऑर्डरी थांबल्या आणि आम्ही नवे होतो ते पहिले बाहेर पडलो. मग क्रेनच्या हायड्रॉलिकच्या दुरुस्तीला गोव्यात गेलो. तिथं एका बंगल्यात शिडी नाही, क्रेन नाही आणि दोघं माणसं दोरावर लोंबकळत अवाढव्य रेन ट्री छाटत होती. मणभर वजनाची फांदी दोराला बांधून, खाली बुंध्याला वेढे देऊन, एक किडकिडीत पोरगा ती कौलांच्या वीतभर वरून अलगद उतरवत होता. माझं काम संपलं होतं तरी मी हललो नाही. वेढे किती घातले की घर्षण किती, पुलीवर जोर दुप्पट का येतो, सगळं वर्कशॉपमधलंच गणित डोळ्यांसमोर चाललं होतं. त्यांच्याकडंच खालचा माणूस म्हणून लागलो. आधी नुसत्या फांद्या ओढल्या, मग दोर धरला, मग वर गेलो.

झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही, हे मला तिथं कळलं. अमेरिकेच्या वन खात्यात अलेक्स शायगो म्हणून एक शास्त्रज्ञ होते. त्यांनी हजारो खोडं चेनसॉनं उभी चिरून आत कूज कशी पसरते ते बघितलं आणि १९७७ मध्ये मांडलं की झाड कुजलेला भाग दुरुस्त करत नाही, त्याला आतल्या आत अडवतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. म्हणजे आपण कुठं कापतो त्यावर पुढची पन्नास वर्षं ठरतात. फांदी खोडातून निघते तिथं एक फुगीर वळी असते, तिला कॉलर म्हणतात. ती राखली तर जखम कडेनं बंद होत येते. ती सपाट तासली तर कुजीला दार उघडं मिळतं. आणि खुंटी ठेवली तर खुंटी वाळून कूज आत उतरते. वर डांबर फासून काही साधत नाही, उलट ओल आत कोंडते.

गेल्या आठवड्यात टिळकवाडीत एका रेन ट्रीची मांडीएवढी फांदी काढली. पहिला काप खोडापासून हातभर अंतरावर, खालून, तिसरा हिस्सा जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढं, वरून. करवत अर्ध्यात आली की कडकड आवाज होतो आणि फांदी पडते, खरं साल खालच्या कापापाशी तुटते, खोडावर उभी फाटत जात नाही. मग राहिलेला सोट कॉलरच्या बाहेरून नीट काढायचा. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. मालक खाली म्हणत होते, एका घावात होतंय की ओ, कशाला एवढा खटाटोप? मी खाली उतरून शेजारच्या झाडावरची एका घावात सोललेली जुनी जखम त्यांना दाखवली. त्यात बोट घातलं तर मनगटापर्यंत हात गेला.

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा काय सांगू! गाडीला सावली पाहिजे, खरं गाडीवर पान पडायला नको. एकानं अंगणभर फरशी घातली, बुंध्याला चिकटून, आणि वर विचारतो, झाड सुकतंय का. बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि पाल्याच्या घेराच्याही बाहेर जातात. त्यांना हवा-पाणी मिळालं नाही तर झाड करणार काय? कुठं गटारासाठी चर खणून एका बाजूची मुळं साफ केलेली असतात, आणि दोन पावसाळ्यांनी झाड आडवं झालं की लोक म्हणतात, वाऱ्यानं पडलं. सगळ्यात जास्त भांडण होतं ते शेंडा उडवण्यावरून. वरून बोडकं केलं की झाड सुरक्षित झालं असं वाटतं. तिथून फुटणारे धुमारे वरवर चिकटलेले असतात, ते वाढून जड झाले की तेच आधी मोडतात. असली कामं मी घेत नाही. पैसे जातात, जाऊ देत.

आई, आता तुझा प्रश्न. मी पडणार नाही का? करवत हातात असताना माझा जीव दोन वेगवेगळ्या दोरांना बांधलेला असतो, एक चुकून कापला गेला तरी दुसरा असावा म्हणून. जवळ तार असेल तर हेस्कॉम या वीज कंपनीकडून लाईन बंद करून घेतल्याशिवाय चढत नाही. वर जायच्या आधी आग्या मोहोळ आहे का, घरटी आहेत का, ते दुर्बिणीतून बघतो. बगळ्यांची वीण चालू असेल तर काम पुढं ढकलतो. खाली दोर धरणारा गोकाक भागातला आहे, पूर्वी नारळावर चढायचा, त्याला मराठी बेताचंच. आमचा सगळा कारभार कन्नडातल्या ‘हिडी’ (धर), ‘बिडू’ (सोड), ‘साकू’ (पुरे) एवढ्यावर चालतो आणि त्याच्या हातात दोर असला की मी निर्धास्त असतो. विमा उतरवलाय, त्याचा कागद आल्यावर दाखवतो. नंदगडवरून जाताना रायण्णाच्या वडापाशी थांबतोच. १८३१ साली इंग्रजांनी संगोळ्ळी रायण्णाला नंदगडला फाशी दिलं एवढंच लहानपणी ठाऊक होतं. माझ्या आधी तू त्या वडाला नवसाचा पाळणा बांधला होतास, हे मोठेपणी कळलं. आता पारंब्या कुठं जमिनीला टेकल्यात तेच बघत उभा राहतो, आणि लोकांना वाटतं नवस बोलतोय.

मिळकतीचं म्हणाल तर एप्रिल-मेमध्ये कारखान्याच्या पगारापेक्षा जास्त हाती येतं, जोराच्या पावसात हात आखडावा लागतो. सालाचा हिशेब धरला तर तोटा नाही. आता इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर, म्हणजे झाडांची निगा राखणाऱ्यांची जी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिची परीक्षा द्यायचीय. त्या परीक्षेला तीन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो, तो झालाय. इंग्रजीतून आहे, रात्री अभ्यास चालू आहे. बाबा, तुम्हाला गंमत वाटेल. ही संस्था १९२४ सालची, म्हणजे आपल्या टिळकवाडीत गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं त्याच सालची.

राहता राहिले पाहुणे. रविवारी येणार आहेत म्हणालात, आणि मुलगा काय करतो म्हटल्यावर काकांनी त्यांना ‘कॉन्ट्रॅक्टर आहे’ असं सांगून ठेवलंय. ते तेवढं बदला. कॉन्ट्रॅक्टर म्हटलं की उद्या ते रस्त्याचं टेंडर विचारतील, मी काय दाखवू? मुलगा झाडांची निगा राखतो, दोरावर चढून छाटणी करतो, असं सरळ सांगा. बाबा, हे तुम्ही तुमच्या तोंडानं सांगावं असं मला वाटतं. काकांनी सांगितलं तर ते हसत सांगतील. ऐकून पाहुणे उठून गेले तर जाऊ देत, नाहीतर लग्नानंतर तेच रोज ऐकायचं. मुलीला विचारायचं असेल तर तिनं मलाच विचारावं. रविवारी सकाळी मी रायवळावर असेन. लवकर आले तर त्यांना गोठ्यापलीकडं खुर्च्या टाकून बसवा, आणि कोणालाही झाडाखाली येऊ देऊ नका, पाहुणे असले तरी.

शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं सामान घेऊन येतो. सोबत गोकाकचा गडी असेल, त्याला तिखट चालतं.

तुमचा,
बाळू

ता. क. बाबांच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या असतील. चिठ्ठीचा फोटो पाठवा, इथून घेऊन येतो.