शब्द अडण्याआधीची भीती

महोदय,

मी लहानपणापासून अडखळत बोलतो. डिचोलीहून सुटलेल्या बसमध्ये कंडक्टर दोन आसने दूर असतानाच ‘पणजी’तला ‘प’ अडणार हे मला जाणवते. त्या भीतीनेच ओठ घट्ट मिटतात, श्वास कोंडतो आणि शब्द खरोखरच अडतो, म्हणून कित्येकदा मी अलीकडच्या थांब्याचे तिकीट काढून उरलेली वाट चालत गेलो आहे. गणेशचवथीला घुमट या वाद्याच्या साथीने सर्वांबरोबर आरती म्हणताना मात्र मी अडखळत नाही. समूहात गाताना बहुतेकांचा तोतरेपणा ओसरतो. येत्या २२ ऑक्टोबरला, आंतरराष्ट्रीय तोतरेपणा जागृती दिनानिमित्त, गोव्यातील शिक्षकांना कळकळीची विनंती आहे की, तोंडी परीक्षेत अशा मुलाचे वाक्य आपण पूर्ण करू नये, त्याला वेळ द्यावा.

— एक वाचक, डिचोली