अँडरसनसाहेबांची त्रिसूत्री

सिंगापूर,
रविवार रात्र

तीर्थरूप बाबांना,
सप्रेम जय ख्रिस्त.

चीनमध्ये चर्चला परवानगी आहे, मग लोक घरात का जमतात, असं तुम्ही फोनवर विचारलंत. माझ्याबरोबर फ्लॅटमध्ये राहणारा मुलगा चीनमधल्या वेन्झोऊ शहरातला. त्याचे आईवडील अजून कुणाच्या तरी घरात भरणाऱ्या मंडळीत, म्हणजे घरगुती चर्चमध्येच जातात, म्हणून त्याला विचारलं.

सरकारमान्य प्रोटेस्टंट मंडळी 'थ्री-सेल्फ' नावाच्या संस्थेखाली चालतात. ही संस्था 1954 ची. कारभार, खर्च आणि सुवार्ताकार्य (धर्मप्रसार) स्थानिक मंडळीनं स्वतःच करावं, ही त्यामागची त्रिसूत्री. पण ती कम्युनिस्टांची नव्हेच! ती मांडणाऱ्यांपैकी एक रूफस अँडरसन, 'अमेरिकन बोर्ड' या मिशनरी संस्थेचे सेक्रेटरी, म्हणजे आपल्या नगरच्या मराठी मिशनचे बोस्टनमधले साहेब. 1854-55 च्या दौऱ्यात ते नगरलाही येऊन गेले.

चीनमध्ये त्याच नावाखाली सरकारी देखरेख आली. बीजिंगचे वांग मिंगदाओ परदेशी मिशनचा पैसा न घेता चर्च चालवत होते. परदेशी मिशनशी जी नाळ कधी नव्हतीच ती तोडायची कशी, हा त्यांचा सवाल. शिवाय संस्थेच्या पुढाऱ्यांची शिकवणही त्यांना पटत नव्हती. 1955 मध्ये त्यांना अटक झाली.

बरं, नोंदणी केली की निभावतं असंही नाही. वेन्झोऊचं सानजियांग चर्च रीतसर मान्यतेचं होतं, तरी 2014 मध्ये पाडलं. नोंदणी नाकारणाऱ्यांचं तर विचारूच नका. चेंगडूच्या 'अर्ली रेन' मंडळीचे पाळक वांग यी यांना डिसेंबर 2018 मध्ये धरलं आणि पुढच्या वर्षी 9 वर्षांची शिक्षा सुनावली.

माझ्या फ्लॅटमधल्या मुलाच्या घरचे मात्र सरकारशी भांडायला निघालेले नाहीत. कुणाच्या तरी घरी स्टुलं मांडायची, खिडक्या लावून गायचं, वचन ऐकायचं आणि एकत्र जेवून उठायचं. खर्च आपापल्या दानातून. अँडरसनसाहेबांना हवं होतं ते या घरांत चाललंय, असं माझं मत.

आपल्या रेव्हरंड टिळकांनी तरी काय केलं? मिशनची नोकरी सोडून 1917 मध्ये साताऱ्याला 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला. त्याच वर्षी बीजिंगमध्ये वेई एन्बोंनी 'ट्रू जीझस चर्च' सुरू केलं, तेही कुठल्याही मिशनशिवाय. दोघेही 1919 मध्ये वारले. एकाला दुसऱ्याचं नावही ठाऊक नसणार.

मंडळीत या लोकांसाठी प्रार्थना मागाल, तर 'वेन्झोऊचं एक कुटुंब' एवढंच म्हणा. आणि हे पत्र ग्रुपवर टाकू नका, काकांनाही बजावा. आईचा गुडघा कसा आहे ते कळवा.

तुमचा,
सॅमी