कुमारवयीन वाचकांसाठीच्या रहस्यकादंबऱ्या

महोदय,
स. न. वि. वि.

घरातले गुपित हळूहळू उलगडणाऱ्या आणि कुमारवयातील अवघड प्रश्नांना हात घालणाऱ्या रहस्यप्रधान कौटुंबिक कादंबऱ्या शाळेच्या ग्रंथालयात ठेवू नयेत, असा आग्रह आमच्या अमळनेर-चोपडा भागातील पालकांकडून मी शिक्षक म्हणून अनेकदा ऐकतो. त्यामागची काळजी खरी आहे, पण निष्कर्ष पटत नाही.

मोठी माणसे एकाएकी गप्प का झाली, आत्याकडे जाणे-येणे का थांबले, दहावीतल्या बहिणीसाठी एवढ्या घाईने स्थळ का पाहिले जात आहे, केळीच्या बागेवर कर्ज नेमके किती झाले, हे मुलाला कोणी सांगत नसले तरी कानावर पडलेल्या अर्धवट बोलण्यातून तो ते जुळवीतच असतो. चांगल्या रहस्यकादंबरीचा वाचकही तेच करतो. त्यामुळे हा बाज केवळ खपासाठी असतो, हा आक्षेप मला वरवरचा वाटतो.

माझी तक्रार शेवटाविषयी आहे. काही लेखक अखेरच्या प्रकरणात अत्याचाराचे गुपित फोडतात आणि लगेच कुटुंबाचा समेट घडवून मोकळे होतात. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा ठाऊक असणाऱ्या प्रत्येकावर तो पोलिसांना कळविण्याचे बंधन आहे, तर कलम २३ प्रसारमाध्यमांना पीडित मुलाची ओळख उघड करण्यास मनाई करते. कादंबरीने कायद्याचे पुस्तक व्हावे असे नव्हे (तसे झाले तर मुले ती मिटून ठेवतील, आणि योग्यच करतील), परंतु घरातल्या घरात मिटविलेल्या गुन्ह्याला सुखान्त म्हणणे ही वाचकाची फसवणूक आहे. निदान एखाद्या पात्राला १०९८ हा बालमदत क्रमांक आठवायला काय हरकत आहे?

साने गुरुजींनी ज्या अमळनेरात विद्यार्थ्यांसाठी ‘विद्यार्थी’ मासिक चालविले, जिथे २०२४ मध्ये ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, त्या परिसरातील माझ्या पाहण्यातल्या ग्रंथालयांत बालविभाग परीकथांशी संपतो आणि पुढे एकदम प्रौढांचे कपाट लागते. ग्रंथखरेदी करताना तेरा ते अठरा वयोगटासाठी वेगळा कप्पा करावा, त्यातील पुस्तके ग्रंथपालांनी आधी स्वतः वाचावीत, आणि पालकांनीही आक्षेप घेण्यापूर्वी ती वाचावीत, अशी विनंती आहे.

आपला,
एक शिक्षक-वाचक, अमळनेर (जि. जळगाव)