विषय: फरशीखालचं काम चुकलंय आणि तुम्ही मला खुर्ची फिरवून घ्यायला सांगताय

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवलाय आणि लगेच हे लिहायला बसलेय. हे पत्र सपोर्टच्या मेलवर नाही, थेट मॅनेजमेंटला आहे, कारण सपोर्टवाल्यांना जेबी (जंक्शन बॉक्स, डेंटल खुर्चीखाली पाणी, हवा, ड्रेनच्या जोडण्या जिथे येतात तो) म्हणजे काय हेच माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. टर्नकी डेंटल पॅकेज तुमचंच आहे, ब्रोशरही तुमचंच, त्यामुळे जागा शोधण्यापासून खुर्ची सुरू करून देण्यापर्यंत त्यात काय काय येतं ते मी तुम्हाला परत समजावत बसणार नाही.

मूळ मुद्दा. दोन्ही ऑपरेटरीतले, म्हणजे पेशंटवर काम करायच्या खोल्यांतले, जंक्शन बॉक्स चुकीच्या जागी बसवलेत. खुर्चीच्या कंपनीचा टेम्प्लेट ड्रॉइंग मी ऑर्डर कन्फर्म झाली त्याच दिवशी तुमच्या साइट इंजिनिअरला पाठवला होता, पाणी, हवा, सक्शन, ड्रेन आणि वायर कुठून वर यायला हवं ते त्यात मिलीमीटरमध्ये दिलेलं आहे. तुमच्या लोकांनी तो उघडूनही बघितला नाही, आधीच्या कुठल्यातरी साइटचा दुसऱ्याच मॉडेलचा टेम्प्लेट वापरला, वर टाइल्स लावून ग्राउटही भरून टाकलं. मग खुर्चीच्या कंपनीचा माणूस इन्स्टॉलेशनला आला, टेप लावली आणि म्हणाला की हा बॉक्स बेसच्या बाहेर येतोय, मी खुर्ची बसवू शकत नाही. खुर्च्या तेव्हापासून खोक्यातच आहेत.

आता ड्रेन. हे जास्त गंभीर आहे म्हणून नीट वाचा. जागा तुम्ही शोधलीत, पहिल्या मजल्यावरची. तुमच्या साइट रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलंय, "प्लंबिंग फीजिबल". त्या एका ओळीवर मी लीजवर सही केली. नंतर कळलं की स्लॅबला कोअर कटिंग (पाइपसाठी आरपार भोक) करायची परवानगी मालकाकडून कोणी घेतलेलीच नाही आणि खालच्या गाळ्यावाला त्याच्या सीलिंगमधून आमचा पाइप जाऊ द्यायला तयार नाही. त्याचं काय चुकलं? त्याला आधी कोणी विचारलंच नव्हतं. मग तुम्ही परस्पर ठरवलं की मजलाच उचलू. ठीक आहे, उचललात, पण ३ इंच! लांबच्या बॉक्सपासून इमारतीच्या पाइपांच्या शाफ्टपर्यंत १६ फुटांचं अंतर आहे, ड्रेनला दर फुटाला पाव इंच उतार धरला तर ४ इंच नुसता उतारच झाला, त्यावर दीड-दोन इंची पाइपची जाडी वेगळी. हे ३ इंचात बसतं कसं? बसत नाही. म्हणून पाइप जवळजवळ सपाट टाकलाय, मधे एका ठिकाणी तर उलटा चढ आहे. पाणी टाकून चेक केलं तर ते बॉक्समध्येच साचून राहतं. क्लिनिक सुरू झाल्यावर तिथे नुसतं पाणी नसेल, थुंकी, रक्त, कापलेल्या फिलिंगचा चुरा असेल आणि ते सगळं बंद फरशीखाली कुजत बसेल.

आता आजचा फोन. हा मी पूर्ण लिहिणार आहे, कारण तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेलच, काढून ऐका.

मी सगळं सांगितलं, बॉक्स, ड्रेन, खोक्यातल्या खुर्च्या. पलीकडच्या माणसाने पहिला प्रश्न काय विचारला तर "मॅडम, टाइल्सची फिनिशिंग कशी वाटली?" मी म्हटलं, टाइल्सचा विषयच नाहीये, त्याखालचं काम चुकलंय. तर म्हणे, "सिस्टीममध्ये फ्लोअरिंग स्टेज कम्प्लीट आणि क्लायंट सॅटिस्फाइड दाखवतंय." मी म्हटलं ते कोणी भरलं, मी साइन-ऑफवर सही केलेली नाही. थोडा वेळ होल्डवर टाकलं. परत आला आणि म्हणाला, "मॅडम, टेक्निकल टीमचं सजेशन आहे की खुर्ची थोडी फिरवून घ्या, म्हणजे बॉक्स कव्हर होईल." खुर्ची फिरवून घ्या! मी शांतपणे सांगितलं की खुर्ची फिरवली तर पेशंटचं डोकं भिंतीजवळ जातं, मागे जेमतेम फूटभर जागा उरते, आणि मी बहुतेक काम घड्याळातल्या ११ ते १२च्या पोझिशनला बसून करते, म्हणजे पेशंटच्या डोक्यामागे. तिथे माझा स्टूलच बसणार नाही, असिस्टंटची बाजू कॅबिनेटला भिडते. यावर तो काही क्षण गप्प होता आणि मग त्याने विचारलं, "तुमचे मिस्टर आहेत का तिथे? त्यांना फोन द्या ना, टेक्निकल आहे, मी त्यांना समजावून सांगतो."

मी डेंटिस्ट आहे. ॲग्रीमेंट माझ्या नावावर आहे, लीज माझ्या नावावर आहे, कर्ज माझ्या नावावर आहे. माझ्या नवऱ्याचा या क्षेत्राशी काहीही संबंध नाही आणि त्याला जेबी कशाशी खातात हे माहीत नाही. मी म्हटलं, जे समजवायचं ते मला समजवा. तर "मॅडम तुम्ही चिडू नका, तुम्ही दातांचं बघा, बांधकामाचं आमच्यावर सोडा." आमच्यावर सोडा! सोडलं होतं ना, म्हणून तर आज ही वेळ आली. आणि फरशीखालचा पाइप हा "दातांचं" नाही तर कशाचा आहे? खुर्चीतलं पाणी पेशंटच्या तोंडात जातं आणि तोंडातलं त्या ड्रेनमध्ये. वर माझं तोंड बंद व्हावं म्हणून मला सर्व्हे फॉर्मची लिंक पाठवली, एक ते पाचमध्ये रेटिंग द्या म्हणून. फोन चालू असताना!

बाकीचंही लिहून ठेवते, नंतर "हे आधी सांगितलं नव्हतं" नको.

कॉम्प्रेसर फॉल्स सीलिंगच्या वर बंद लॉफ्टमध्ये ठेवलाय. हवा खेळायला एक जाळीही नाही. तो तापणार, गरम दमट हवा खेचणार, लाइनमध्ये पाणी येणार आणि ते सरळ एअररोटरच्या, म्हणजे दात कोरायच्या हवेवरच्या ड्रिलच्या, बेअरिंगमध्ये जाणार. मिनिटाला ३ लाखांच्या वर फेरे घेणारी वस्तू आहे ती, तिला कोरडी हवा लागते. बाँडिंग करताना, म्हणजे फिलिंग दाताला चिकटवताना, दातावर ओली हवा आली तर फिलिंग टिकत नाही, आणि ते पेशंट माझ्याकडे परत येतील, तुमच्याकडे नाही. शिवाय सर्व्हिसिंगला लॉफ्टमध्ये माणूस चढणार कसा ते सांगा.

भविष्यातल्या तिसऱ्या खुर्चीसाठी पाण्याची लाइन काढून टोपी लावून ठेवली आहे. त्यात पाणी कायम साचून राहणार आणि बायोफिल्म, म्हणजे जंतूंचा बुळबुळीत थर, धरणार. मला दर मिलीलीटरला ५०० सीएफयूच्या (जंतूंच्या वसाहती मोजायचं एकक) आत पाणी ठेवायचं असतं. ती फांदी मुख्य लाइनपाशीच व्हॉल्व्हने बंद हवी, हे ड्रॉइंगमध्ये लाल पेनने लिहिलं होतं.

ओपीजीची, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेची, खोली. कोटेशनमध्ये दीड मिलीमीटर लेड शीट आहे. भिंत जिप्समची करून दोन्हीकडून बंद करून टाकली, आत लेड लावल्याचा एक फोटो नाही. सांध्यांवर, स्विचबॉक्सच्या मागे ओव्हरलॅप दिलाय का? मी विचारलं तर "हो मॅडम, असेल." असेल म्हणजे काय? त्या भिंतीपलीकडे शेजारच्या ऑफिसमधली एक मुलगी रोज आठ तास बसते, तिची खुर्ची भिंतीला टेकलेली आहे. मी तिला रोज बघते. फोटो नसेल तर भिंत उघडून दाखवा, त्याशिवाय मी मशीनचा प्लग लावणार नाही, नियामकाचा अर्ज तर दूरच.

स्टेरिलायझेशनच्या खोलीत ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं मशीन) घाण इन्स्ट्रुमेंटच्या सिंकला चिकटून आहे, १३४ डिग्रीला काढलेली ट्रे बाहेर आली की तिच्यावर सिंकचे शिंतोडे. ऑपरेटरीत ५५०० केल्विनच्या आसपासचे लाइट मागितले होते शेड मॅचिंगसाठी, म्हणजे दाताचा रंग जुळवायला, लावलेत पिवळे ३०००चे. रिसेप्शनची भिंत मात्र सुंदर झाली आहे, तिचे फोटो तुम्ही तुमच्या पेजवर टाकलेत, माझ्या क्लिनिकच्या नावासकट. ते आजच्या आज काढा.

भाडं सुरू झालंय. फिट-आउटसाठी मालकाने दिलेली मोफत मुदत केव्हाच संपली आणि मी रिकाम्या जागेचं भाडं भरतेय, कारण बॉक्स चुकीच्या जागी आहेत. ही गोष्ट मी मुद्दाम परत लिहितेय: बॉक्स चुकीच्या जागी आहेत, टेम्प्लेट तुमच्याकडे होता.

मला खूप वाईट वाटलंय, नुसता राग नाही. माझ्या सीनिअरचं क्लिनिक तुम्हीच केलं होतं, तिथे मी शिकले, काम केलं, त्या खुर्चीखालून कधी थेंब गळला नाही. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं होतं की आपलं स्वतःचं झालं की याच कंपनीकडून. इतर दोन कोटेशन मी बघून बाजूला ठेवली तुमच्या नावावर.

आता मला काय हवंय ते. दोन्ही ऑपरेटरीतली फरशी तुमच्या खर्चाने फोडा, ड्रेनचा उतार लेव्हल लावून माझ्यासमोर दाखवा, पाणी सोडून टेस्ट करा आणि मगच टाइल लावा. मजला आणखी उचलावा लागला तर दारातल्या रॅम्पची लांबीही वाढेल, व्हीलचेअरचे पेशंटही येतील, तो नवीन ड्रॉइंग आधी द्या. कोअर कटिंगचाच मार्ग घेणार असाल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र आणि खालच्या गाळ्यावाल्याची लेखी संमती आणा, मी त्याच्याशी बोलणार नाही, ते काम तुमच्या साइट टीमचं होतं. उशिराचं भाडं तुमच्या बिलातून वळतं करा. हे होईपर्यंत शेवटचा हप्ता मिळणार नाही, मी बँकेला कळवलंय.

दुरुस्तीचं लेखी वेळापत्रक आलं नाही तर ग्राहक न्यायालयात जाते. टेम्प्लेट पाठवलेला मेल, तुमचा "फीजिबल"वाला रिपोर्ट आणि खुर्चीच्या माणसाचा इन्स्टॉलेशन नाकारल्याचा शेरा, तिन्ही फाइलला लावून ठेवलेत. जवळपासच्या डेंटिस्टच्या ग्रुपवर अजून काही टाकलेलं नाही, पण विचारतात सगळे, क्लिनिक कधी उघडतंय म्हणून, आणि खरं उत्तर मी फार दिवस अडवून ठेवणार नाही.

फोन करू नका. जो कोणी फरशी फोडण्याची जबाबदारी घेणार आहे त्याने स्वतःच्या नावाने आणि सहीने मेल करायचा, आणि मेल मलाच करायचा.